सातूची भरड

हेर्त्सोगेनआउराख, ६ ऑक्टोबर २०२४

बाबा, नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. शमिका बरी आहे, माझी नोकरी ठीक चालली आहे, कुणालाही काही झालेलं नाही. मला फक्त एक विचारायचं आहे.

दीड मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या पातेल्याला तळाशी भोक पाडून मी नळासाठी सॉकेट जोडलं. आर्गन वेल्डिंग. बाहेरून जोड बरा दिसतो. आतून मात्र काळा आणि खरखरीत, करपलेल्या साखरेसारखा. नखाने खरवडलं तर चुरा पडतो. करंट कमी करून पाहिला, रॉड बदलून पाहिला. तीनदा केलं, तीनदा तसंच. काय चुकतंय?

पातेलं पन्नास लिटरचं आहे, एका शाळेच्या स्वयंपाकघरातून सेवानिवृत्त झालेलं. त्यात सातू घालायचा, सासष्ट अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचा आणि मग खालच्या नळातून पाणी गाळून घ्यायचं. सध्या एवढंच समजा.

साडेसहा वर्षांनी पत्र आणि त्यात सॉकेट, असं तुम्ही म्हणाल. फोन केला असता, पण सुमित म्हणतो तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही. खरंच असेल. चाळीस वर्षं ग्राइंडरपाशी उभं राहिल्यावर कानांनी तरी किती साथ द्यायची? पण ते तुम्हाला थोडं सोयीचंही झालं असावं, असं मला वाटतं. मलाही झालं. मागच्या दिवाळीला मी फोन लावला, सुमितने तुमच्या हातात दिला, तुम्ही "ऐकू येत नाही" म्हणालात आणि मला सुटल्यासारखं झालं.

मी काही विसरलेले नाही, तुम्हीही विसरला नसाल. कपिलपासून वेगळी झाले त्या मे महिन्यात मी शमिकाला घेऊन सांगलीला आले होते, तेही कायमचं राहायला. वर्कशॉप मी बघते, असं म्हणाले. तुम्ही उसाच्या चरकाचा रोलर तपासत होतात. मान वर न करता म्हणालात, "ऊर्मे, ड्रॉइंग काढणारे पुण्यात पोत्यानं मिळतात. स्वतःच्या हातानं उभं केलेलं एक यंत्र दाखव, मग बोलू." सुमित होता, दोन कारागीर होते. तिघांनीही खाली बघितलं. माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. इथे मी सतरा वर्षं बेअरिंगची गणितं करते आहे. कुठलं बेअरिंग किती लाख फेऱ्यांनंतर थकेल ते मी सांगू शकते. पण एकही माझ्या हाताने बसवलेलं नाही.

म्हणून आता बसवते आहे. एक यंत्र, पूर्ण, पहिल्या भोकापासून. झालं की दाखवीन. पण हा जोड अडला आहे, आणि तो कुणाला विचारावा म्हटलं तर मला एकच माणूस आठवतो.

तुमची,
ऊर्मिला

हेर्त्सोगेनआउराख, ३ नोव्हेंबर २०२४

बाबा, नमस्कार.

सुमितचा मेसेज आला: "काका म्हणतात, आतून गॅस सोडायला सांग. एवढंही कळत नाही का, असंही म्हणतात. हे दुसरं मी सांगणार नव्हतो."

आतून गॅस! सॉकेटच्या मागच्या बाजूला पत्र्याची डबी टेपने चिकटवली, तिच्यात दुसऱ्या नळीने आर्गन सोडला, मिनिटभर थांबले आणि जोड मारला. डबी काढली. आतला जोड फिकट सोनेरी. मी त्यावरून बोट फिरवत बसले होते. हेर ड्रेक्सलर म्हणाले, "मांजर आहे का ते?"

हेर ड्रेक्सलर म्हणजे आमचे शेजारी; 'हेर' म्हणजे इथलं श्रीयुत. एकाहत्तर वर्षांचे, निवृत्त फिटर. त्यांच्या गॅरेजमध्ये मोटार नाही, लेथ आहे. मोटार बिचारी बाहेर थंडीत उभी असते. मी पहिल्यांदा विचारायला गेले तेव्हा त्यांनी माझे हात बघितले, उलटे करून बघितले. म्हणाले, "आल्झो, तर मग, नेलपॉलिश लावून लेथवर यायचं नाही. बाकी काही अट नाही." माझ्या कामाला ते कधी चांगलं म्हणत नाहीत. या फ्रँकन भागात रीतच आहे तशी: शिव्या दिल्या नाहीत म्हणजे कौतुक झालं. तुम्ही चुकून सांगलीत जन्मलात बाबा, इथे सगळ्या गावाने तुम्हाला गोडबोल्या म्हटलं असतं.

रविवारी इथे ड्रिल चालवायचं नाही, ग्राइंडर नाही, हातोडासुद्धा नाही. शांततेचा वार. म्हणून पत्र रविवारी लिहिते.

काल तांब्याची नळी वळवली. बारा मीटर लांब, तिचं वेटोळं करायचं. गरम पाण्यात ते बुडवून आतून गार पाणी सोडलं की सगळं वीस मिनिटांत थंड होतं. हेर ड्रेक्सलर स्प्रिंग शोधायला आत गेले, नळी चेपू नये म्हणून. परत येईपर्यंत मी नळीत कोरडी वाळू ठासून भरली होती, दोन्ही टोकांना लाकडी बुचं मारली होती आणि जुन्या गॅस सिलेंडरभोवती गुंडाळायला सुरुवात केली होती. एकही चेप नाही. "हे कुठे शिकलीस?" म्हणाले. मी म्हटलं, वडिलांनी शिकवलं. ते खरं नाही. तुम्ही मला कधी काही शिकवलं नाही. शाळेतून येताना मी तुमचा डबा घ्यायला वर्कशॉपच्या दारात थांबायची आणि तुम्ही डबा द्यायला उशीर करायचा. तेवढ्या वेळात बघितलं होतं.

आता पुढचं. पातेल्याच्या तळाशी चाळणी बसवायची आहे, तिच्यावर सातू राहील आणि पाणी खाली येईल. भोकं केवढी पाडू? दोन मिलिमीटर म्हणजे फार मोठी होतील का?

तुमची,
ऊर्मिला

हेर्त्सोगेनआउराख, ८ डिसेंबर २०२४

बाबा, नमस्कार.

सुमितने तुमचं उत्तर कळवलं: "काय गाळायचंय ते सांगितल्याशिवाय भोक सांगता येत नाही."

बरोबर आहे. मी असं उत्तर एखाद्या नवशिक्याला दिलं असतं.

ते न सांगता मी पुढे गेले, त्याचं फळ आधी ऐका. चाळणीला दीड मिलिमीटरची भोकं पाडली, सहाशे बारा. नळ बसवला, पंप बसवला, पातेल्याला भोवतीने ऊबदार आवरण गुंडाळलं. पाच किलो सातू आणला, मोड आणून वाळवलेला. त्याला माल्ट म्हणतात. आता धान्य आणल्यावर आपण काय करतो? दळतो. माझ्याकडे घरघंटी आहे, सांगलीहूनच आणलेली, तिच्यावर मी ज्वारी दळते, भाजणी करते. माझ्या हातांनी विचार न करता बारीक जाळी लावली आणि पाच किलो माल्टचं सुरेख, मऊ पीठ दळलं. इतकं छान पडलं होतं की मला बरं वाटलं.

ते सासष्ट अंशांच्या पाण्यात घातलं. तासाभराने नळ उघडला. सुतासारखी धार आली, मग थेंब आले आणि मग काहीच नाही. वरून ढवळलं तर डाव उभा राहिला. हेर ड्रेक्सलर आत डोकावले. कडेला सांडलेलं पीठ त्यांनी चिमटीत घेऊन चोळलं.

"ऊर्मिला, हे काय आहे?"

"माल्ट."

"हे पीठ आहे. तू केक करणार आहेस का?"

मग त्यांनी मुठीत अख्खा माल्ट घेऊन दाखवलं. दाणा फक्त फोडायचा, साल अखंड ठेवायची. ती सालंच चाळणीवर थर करून बसतात आणि खरं गाळणं त्या थरातून होतं. चाळणी फक्त थर धरून ठेवते. आणि मी ती सालं दळून भेगा बुजवायचं लुकण केलं होतं. वीस लिटर लुकण. जन्मभर गणितं करणाऱ्या बाईने घरघंटीच्या सवयीने यंत्र बुजवलं. दोन बादल्या करून ते हेर ड्रेक्सलरच्या चुलतभावाच्या गाईंना पाठवलं. शमिका दारात नाक दाबून उभी होती, "मामा, दास श्टिंक्ट," म्हणाली, म्हणजे आई, घाण वास येतोय. तिला मराठी सगळं कळतं, पण दुर्गंधीसारख्या महत्त्वाच्या गोष्टी ती जर्मनमध्येच सांगते.

तर आता सांगते काय गाळायचं आहे. बिअर, बाबा. ते गोड पाणी हॉपची फुलं घालून उकळायचं, गार करायचं आणि यीस्ट घालून ठेवायचं. इथे घरी बिअर करणाऱ्याने आधी कस्टम खात्याला पत्र लिहून कळवायचं असतं. मी ते ऑगस्टमध्येच लिहिलं. म्हणजे परक्या सरकारला खरं सांगितलं आणि तुम्हाला नाही. हे मला महिनाभर टोचत होतं.

का नाही सांगितलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. जयंतकाकाला शेवटी शेवटी रिक्षातून कोण उतरवून घ्यायचं, त्याच्या उशाखालच्या बाटल्या कोण काढायचं, ते मी बघितलं आहे. त्याचा सुमित तेव्हा दहावीत होता. त्याला तुम्ही वर्कशॉपात आणलंत, लेथवर उभं केलंत आणि माणूस केलंत. वर्कशॉप त्याला का, मला का नाही, याचा अर्धा हिशेब मला कळतो. उरलेला अर्धा अजून कळत नाही.

मी शुक्रवारी संध्याकाळी अर्धा लिटर पिते, जेवणाबरोबर, शमिकासमोर. काकाची बाटली आणि हे एकच आहे की वेगळं, यावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. मला बिअरचं वेड नाही. मला यंत्र हवं होतं, आणि या एका यंत्रात सगळं येतं: पत्रा, जोड, उष्णता, पंप, आणि आता दाणा फोडणारी मिलसुद्धा. विकतची मिळते, बटण दाबलं की झालं. तशी मला दाखवायची नाही.

तुम्ही यानंतर उत्तर दिलं नाहीत तरी मी समजून घेईन. समजून घेईन, हे खोटं आहे. पण काम चालू ठेवीन, हे खरं.

ऊर्मिला

हेर्त्सोगेनआउराख, १९ जानेवारी २०२५

बाबा, नमस्कार.

उत्तर नाही. सुमितसुद्धा फक्त संक्रांतीची तिळगुळाची चित्रं पाठवतो.

आज काही विचारायचं नाही. नुसतं कळवते.

मिल सुरू केली आहे. कागदावर रोज नवं काहीतरी काढायची आणि खोडायची. दात असलेली चाकं, कापणारी पाती, काय काय. एके दिवशी दुपारी ऑफिसच्या कँटीनमध्ये सूप पिताना मला चरक दिसला. उसाचा. तुमचा. दोन रोलर, एकमेकांकडे फिरणारे, मधून ऊस जातो. तोच की! फक्त चरकात दोन रोलर एकमेकांवर घट्ट दाबायचे असतात, रसाचा शेवटचा थेंब निघावा म्हणून, आणि इथे मधे फट ठेवायची: सव्वा मिलिमीटर. दाण्याला वाटलं पाहिजे की आपण जेमतेम बसतोय. मी हसायला लागले. समोर बसलेल्या सहकाऱ्याने विचारलं काय झालं. मी म्हटलं, आमचा घरचा धंदा आठवला.

चरक करणाऱ्याच्या घरात वाढून मला घरघंटी आठवावी आणि चरक आठवायला तीन आठवडे लागावेत!

रोलर साठ मिलिमीटर व्यासाचे केले. पहिला चुकला, मधोमध दोन दशांश मिलिमीटर जाड राहिला. फेकला. दुसरा जमला, तिसरा जमला. वर दाणा पकडायला नर्लिंगची खरखरीत नक्षी उमटवली तेव्हा हेर ड्रेक्सलर गॅरेजमधून बाहेर गेले. म्हणाले, "मला बघवणार नाही, नवीन माणसाचं नर्लिंग." मी आवाज ऐकत हात पुढे सरकवत गेले. कुरकुर, मग एकसारखी गुणगुण. तो आवाज मला ओळखता येतो, बाबा. माझ्या कानात तो सात वर्षांची असल्यापासून आहे. ते आत आले, रोलरवरून अंगठा फिरवला आणि काहीच बोलले नाहीत. म्हणजे इथल्या हिशेबाने त्यांनी मला खांद्यावर घेऊन नाचवलं.

आणखी एक गोष्ट लिहायची आहे, ती जरा अवघड आहे. सुरुवातीला मी प्रत्येक भोक पाडताना तुम्हाला उत्तर देत असायची. ड्रिल खाली नेताना मनात वाक्यं असायची. बघा, हे बघा. गेल्या आठवड्यात एकदम लक्षात आलं की चार दिवस मला तुम्ही आठवलाच नव्हतात. बेअरिंगची घरं बसवत होते आणि डोक्यात फक्त बेअरिंगची घरं होती. लक्षात आल्यावर थोडं रडू आलं. दुःखाने की कशाने, कळलं नाही. मग तोंड धुतलं आणि फट मोजायला बसले.

ऊर्मिला

हेर्त्सोगेनआउराख, २ मार्च २०२५

बाबा, नमस्कार!

चाललं. यंत्र चाललं!

मागच्या शनिवारी. क्रमाने सांगते, नाहीतर मी शेवटापासून सांगेन.

सकाळी सातला मिलला हॅंडल लावलं. मोटर लावली नाही, पहिल्यांदा हाताने कसं वाटतं ते बघायचं होतं. पाच किलो माल्ट पंधरा मिनिटांत. खाली ट्रेमध्ये दाणा फुटून आतला पांढरा रवा वेगळा आणि सालं जवळपास अखंड, फुलपाखराच्या पंखांसारखी. मूठभर घेतली तर हाताला सळसळते, चिकटत नाही. भरड! आपल्या भाषेत शब्द होता, बाबा, आणि मी पीठ करत बसले होते.

पाणी सासष्ट अंशांवर आलं. भरड घातली, ढवळली, झाकण लावलं. गॅरेजभर वास सुटला. मी तापातून उठले की तुम्ही माल्टचा डबा आणायचा, दुधात घालायचा, तो वास. बाहेर पाच अंश होते आणि हेर ड्रेक्सलरची मोटार दवाने पांढरी झाली होती.

तासाने परीक्षा. पांढऱ्या बशीत त्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा आणि त्यावर आयोडीनचा थेंब सोडायचा. निळंकाळं झालं तर पिष्ट शिल्लक आहे, साखर झालेली नाही, आणखी थांबा. मी थेंब सोडला. शमिका बशीवर वाकली होती. आम्ही दोघी श्वास रोखून. थेंब तसाच तपकिरी राहिला. "ब्लाईब्ट ब्राऊन!" ती ओरडली आणि मग, कुणीही न विचारता, मराठीत म्हणाली, "आई, झालं!"

पण माझी खरी परीक्षा नळाची होती. डिसेंबरमध्ये तिथेच मेले होते. नळ अर्धा उघडला. आधी गढूळ पाणी आलं, ते परत वर ओतायचं असतं, ओतलं. मग धार हळूहळू निवळत गेली. पाच मिनिटांत मधासारखी, आरपार दिसणारी. थांबली नाही. मी नळापाशी जमिनीवर बसले होते. दहा लिटर झालं, पंधरा झालं, वरून गरम पाणी शिंपडत राहिले, वीस झालं, पंचवीस झालं, धार तशीच. हेर ड्रेक्सलर खुर्ची घेऊन आले, पण माझ्यासाठी नव्हे. स्वतः बसले आणि धारेकडे बघत राहिले, आपल्याकडे लोक कीर्तनाला बसतात तसे.

पुढचं उकळणं, हॉप घालणं, गार करणं सगळं ठीक झालं. वेटोळ्याने अठरा मिनिटांत वीस अंशांवर आणलं. आता पिंप तळघरात आहे, आणि वरच्या नळीतून दर चार सेकंदांनी एक बुडबुडा येतो. मी मोजते. शमिका म्हणते, बाळ झालंय जणू.

सुमितचा मेसेज परवा आला. तो तुम्हाला न सांगता पाठवला होता, पण मी त्याचं नाव घेते, तुम्ही त्याला ओरडणार नाही असं धरून. लिहितो: "ताई, डिसेंबरचं पत्र वाचून काका तीन दिवस गप्प होते. मी घाबरलो होतो, माझ्याच बापाचा विषय. चौथ्या दिवशी म्हणाले, पोरगी खरं बोलली. बास. मग जानेवारीचं आलं ते लेथपाशी नेऊन मला वाचून दाखवलं, फक्त रोलरचा भाग. साठचा घेतला ते बरोबर, म्हणाले. उत्तर लिही म्हटलं तर म्हणतात, अजून यंत्र कुठंय?"

बरोबर आहे. यंत्र हे घ्या. चार फोटो पाठवते: पातेल्याचा आतला जोड, चाळणी, मिल समोरून, आणि मिलखालच्या ट्रेमधली भरड. लहान करून काढलेले नाहीत, भिंग लागणार नाही.

पिते किती, असं तुम्ही विचाराल. अर्धा लिटर, शुक्रवारी. तेवढंच. हे मी सुमितलाही लिहिलं आहे, त्याला ते विचारण्याचा हक्क तुमच्याइतकाच आहे.

तुमची,
ऊर्मिला

हेर्त्सोगेनआउराख, १३ एप्रिल २०२५

बाबा,

तुमचं पत्र मिळालं. तुमच्या हातचं. पाकिटावरचं अक्षर बघून मी जिन्यातच बसले, पोस्टमन विचारत होता, बरं आहे ना?

त्याआधीचं सांगते, कारण त्याच आठवड्यात दोन्ही झालं. गावातल्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये घरी बिअर करणाऱ्यांची संध्याकाळ असते. एकवीस जण, एकवीस बाटल्या, बाटल्यांवर फक्त आकडे. सगळे पुरुष, बहुतेक साठीचे. अपवाद दोनच: मी आणि एक पशुवैद्य बाई. माझा आकडा चौदा. चौदा नंबर आला तेव्हा मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकले आणि तिथेच राहिले. वरून आवाज येत होते.

"हम्म."

"या." इथलं 'हो'.

"पासट शो."

म्हणजे चालेल. या भागात याच्या वरचा शेरा नाही. माझ्या आधीच्या तेरांतल्या दोघांनाच तो मिळाला होता. मग कुणीतरी म्हणालं, "इतकी निवळ कशी? हा माल्ट कुठे दळला?" हेर ड्रेक्सलर उठले. मोटारीच्या डिकीतून मिल काढून त्यांनी टेबलावर आपटली. मला न विचारता आणली होती. "हिच्यावर. हिने केली. रोलर हिने, नर्लिंग हिने, फट हिने लावली. मी फक्त कॉफी केली, आणि ती हिला आवडली नाही."

बाबा, त्यानंतर बिअरकडे कुणी बघितलं नाही. रांग लागली. म्हातारे एकामागून एक हॅंडल फिरवत होते, ट्रेमध्ये बोटं घालत होते, सालं दिव्यासमोर धरत होते. एकाने खिशातून फट मोजायचं फीलर गेज काढलं. कुठल्या कार्यक्रमाला माणूस खिशात फीलर गेज घेऊन जातो? त्याने माप घेतलं, परत घेतलं आणि मला म्हणाला, "डावीकडे एक दशांश जास्त आहे."

आणि दोन दिवसांनी तुमचं पत्र. पाच ओळी. मी इथे उतरवून काढते, तुम्ही काय लिहिलंत ते तुम्हालाच वाचायला हवं म्हणून:

"चि. ऊर्मिला, फोटो बघितले. आतला जोड चांगला आहे. ट्रेमध्ये डाव्या हाताला अख्खे दाणे जास्त पडलेत, फट तिकडे जास्त आहे, तपास. माधवनगरच्या दूधवाल्यांना म्हशींसाठी मक्याचा भरडा करायचं यंत्र हवंय, बाजारातल्यात पीठ होतं आणि म्हशी फुसकारतात. तुझी पद्धत चालेल. ड्रॉइंग पाठव, नाहीतर तूच ये. सुमितला रोलर जमतील असं वाटत नाही. यशवंत."

फोटोवरून! साडेसहा हजार किलोमीटरवरून, सांडलेले दाणे बघून, एक दशांश! मी पत्र घेऊन गॅरेजमध्ये धावले आणि हेर ड्रेक्सलरना एकेक ओळ जर्मनमध्ये करून सांगितली. त्यांनी चष्मा काढला. "जोड चांगला आहे, असं म्हणाले? लिहून?" मी हो म्हटलं. "माइन गॉट, देवा रे," म्हणाले, "किती बोलतो हा माणूस."

फट दुरुस्त केली. दोन्हीकडे सव्वा मिलिमीटर, तीन ठिकाणी मोजून.

आता तुमच्या ऑर्डरबद्दल. ड्रॉइंग पाठवत नाही. ते काढलेलं नाही, सगळं डोक्यात आणि हातात आहे, आणि मका सातूपेक्षा मोठा असतो, त्याला साठचा रोलर चालणार नाही, दाणा पकडणार नाही, वरच नाचत राहील. हे तुमच्याही लक्षात आलं असणार, तुम्ही मुद्दाम लिहिलं नाहीत. शंभरचा लागेल. फट अडीचपासून सुरू करू आणि म्हशींना विचारून कमी-जास्त करू.

सुमितशी मी काल बोलले. यंत्र त्याच्या वर्कशॉपात होणार, तर आधी त्याला विचारायला हवं होतं. म्हणाला, "ताई, तू ये, मला रोलर शिकव, काकांसमोर शिकायची माझी हिंमत नाही." आल्यावर तो लेथवर उभा राहील, मी बाजूला. तुम्हाला खुर्ची देऊ.

जूनच्या सुट्टीत दोन आठवडे येते. शमिकाही येते आहे, तिला म्हशींना भरडा घालायचा आहे. बिअर आणत नाही. आपल्या घरात ती येऊ नये असं तुम्हाला वाटतं आणि मला ते मान्य आहे. तिची धार कशी पडली ते मात्र तोंडाने सांगीन, तुम्ही नको म्हटलंत तरी.

शंभर व्यासाचा ईएन-८ पोलादाचा बार मागवून ठेवा, तीनशे लांबीचे तीन तुकडे. दोन लागतील, एक चुकेल. चार बेअरिंग मी माझ्या हिशेबाने निवडून आणते. पुण्याहून सकाळच्या बसने निघेन, दुपारी बाराच्या सुमारास कुपवाड फाट्यावर उतरेन. शमिकाला तिथूनच रिक्षाने घरी न्यायला सुमितला सांगा. मी सामान घेऊन सरळ वर्कशॉपवर येते.

तुमची,
ऊर्मिला